बाईंचा नकाशा, माझं पत्रक

बाई, आता मला अडवायला कोणी नाही.

तुमचं तेरावं झालं आणि त्यानंतरच्या रविवारी तुमची भाची वंदना माझ्याकडे आली. स्कूटरवर, पायांशी नळाचा तो जाड प्लास्टिकचा पाईप आडवा ठेवून. पाईपच्या दोन्ही तोंडांना टोपणं घट्ट बसवलेली. बोईसरच्या नाक्यावर कोणी पाहिलं असेल तर त्याला वाटलं असेल, हिने घरात प्लंबिंगचं काम काढलंय. पाईप माझ्या हातात देत ती म्हणाली, "मावशी सांगून गेलीय, हा ज्वालाकडे द्यायचा नाही. पण मग कोणाकडे द्यायचा, ते काही बोलली नाही. माझ्या घरात जागा नाही. तूच ठेव."

ज्वाला मीच. मी हसले. ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि रडले.

तुम्हाला न ओळखणारेही हे वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाईपमध्ये एका गावाचा नकाशा आहे. तारापूरच्या बाजूला समुद्राकाठी ते गाव होतं. प्रकल्पासाठी ते उठलं तेव्हा मी आईच्या मांडीवर होते. गावातल्या लोकांना बोईसरजवळ कॉलनीत प्लॉट मिळाले, आणि गावाला तेव्हापासून सगळे 'जुनं गाव' म्हणू लागले. तुमची पहिली नोकरी तिथल्या शाळेत होती. पुढे पालघरजवळच्या माहीमच्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवून तुम्ही निवृत्त झालात, आणि मग एकदा कॉलनीतल्या बायकांना आपल्या पडवीत बसवलंत. जुन्या कॅलेंडरची पानं पाठीमागून खळीने जोडलीत आणि म्हणालात, "काढा आपला गाव." ज्यांनी आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती त्यांनी आधी बोटाने दाखवलं, तुम्ही ओढलंत. मग त्यांनी तुमच्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

मला तो नकाशा पत्रकावर छापायचा होता. तुम्ही शेवटपर्यंत नाही म्हणालात. आपली सारी ओळख म्हणजे हे एवढंच भांडण, आणि ते अर्धवट सोडून तुम्ही निघून गेलात.

पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही नाव विचारलंत. मी सांगितलं, ज्वाला.

"आईबापांनी ठेवलं?"

"हो. दोघंही चळवळीत होते."

"मग कागदांपासून जरा लांब बस."

मला राग आला होता. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. क कमळाचा हे मला शाळेत गेल्यावर कळलं, घरी न निषेधाचा होता. आमच्याकडे पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असायचे, पाहुणे आले की त्यांचीच उशी व्हायची. माझ्या दृष्टीने कागद म्हणजे रस्त्यावर उभं राहून अनोळखी माणसाच्या हातात द्यायची वस्तू. तुमच्या कपाटात मात्र कागद झोपले होते, वेखंडाच्या तुकड्यांसोबत, सुती कापडात. गावठाणांचे नकाशे, होड्यांच्या भागीदारीचे करार, लग्नपत्रिका, पोस्टकार्डं. आणि त्यांतलं जवळजवळ काहीच अस्सल नव्हतं. सगळ्या तुमच्या हाताने काढलेल्या नकला होत्या.

कारण तुमचा नियम होता की कोणाच्या घरातला कागद त्या घराबाहेर न्यायचा नाही. तुम्ही ट्रेसिंग पेपर, पेन्सिली आणि पाण्याची बाटली घेऊन एसटीने जायचात आणि त्याच घरात बसून नक्कल उतरवायचात. दुपार तर दुपार, दिवस तर दिवस. मी मोबाइल पुढे केला तर म्हणायचात, "फोटो काढलास की तू उठणार. मला उठायचं नाहीये."

सातपाटीचं ते घर आठवतं? दारात बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते, आणि आत तुम्ही एका जुन्या होडीचा करार जमिनीवर पसरला होता. कागद सारखा गुंडाळत होता, म्हणून तुम्ही घरातल्या वाट्या मागून घेऊन चारही कोपऱ्यांवर ठेवल्यात. म्हातारी धावत आली.

"अगो बाई, कालवनाची वाटी हाय ती. कागदाला वास लागंल."

"लागू दे. कागद तुझ्याच घरचा आहे, वासही तुझ्याच घरचा."

"मंग जेवूनच जा. निस्ता वास घेऊन काय करशील?"

आपण जेवलो. करार अर्धा राहिला. तुम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलात आणि पुन्हा जेवून आलात. मी वंदनाला म्हणाले होते, तुझ्या मावशीचं संशोधन म्हणजे फुकट जेवणाचा बहाणा आहे. तिने ते तुम्हाला सांगितलं, आणि पुढच्या वेळी तुम्ही मला मुद्दाम उपाशी ठेवून नकला काढायला लावल्यात.

मनोरच्या पलीकडच्या पाड्यावर आपण पोस्टकार्डं बघत होतो, तेही राहून राहून आठवतं. त्या घरांतली माणसं पावसाळा संपला की वीटभट्टीवर जायची. एका बाईने पत्र्याच्या डब्यातून कार्डं काढली, शेजारणीने आपली आणली, तिसरीने आपली. तुम्ही ती एकाखाली एक मांडलीत. सगळ्यांचं अक्षर एकच. भट्टीवर लिहिता येणारा एकच माणूस असावा. 'इकडे खुशाल आहे, पोरांना जपणे, शेळी विकू नये.' नावं वेगळी, हात तोच.

"बघ," तुम्ही म्हणालात, "अख्ख्या पाड्याच्या बायकांना एकाच माणसाने पत्रं लिहिली, आणि त्यांतल्या एकीलाही त्याने पाहिलं नसेल."

मी तावातावाने म्हणाले, "बाई, म्हणजे बाकी कोणाला शाळाच मिळाली नव्हती. ह्यावर पत्रक निघालं पाहिजे."

"काढ. पण आधी चहा पी, निवतोय."

तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही विषय टाळताय. आता वाटतं, समोरच्या बाईने दुसऱ्याच्या घरून दूध मागून चहा केला होता आणि तुमचं लक्ष त्याच्यावर होतं. पण पत्रक निघालं पाहिजे होतं, हे मी अजूनही म्हणते. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, एवढं तुम्ही मला शिकवलंत आणि स्वतः मात्र कधी कबूल केलं नाहीत.

नकाशावरून आपण पहिल्यांदा कडाडून भांडलो ते माहीमला, तुमच्या पडवीत. किनाऱ्यावर पुन्हा नव्या प्रकल्पासाठी जमीन मोजणीच्या गोष्टी कानावर येऊ लागल्या होत्या. माझं म्हणणं सोपं होतं. उठलेल्या गावाचा नकाशा दाखवला की बाकीच्या गावांना कळेल काय जातं ते. भाषणाने कळत नाही, भरपाईच्या आकड्याने तर नाहीच. इथे कॉलनीतल्या हिराबाईचं जुनं घर, इथे मासळी सुकवायची जागा, इथे पोरं पोहायची. हे बघितलं की माणूस जागा होतो.

तुम्ही म्हणालात, "पत्रक वाटशील. दुसऱ्या दिवशी त्यात कोणी भजी बांधून देईल. हिराबाईच्या घरावर तेलाचा डाग."

"पडू दे डाग! निदान कोणाच्या हातात तरी जाईल. इथे पाईपमध्ये कोण बघतंय?"

"ज्यांचा आहे त्या बघतात."

ते खरं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कॉलनीतल्या बायका अधूनमधून दुपारच्या गाडीने तुमच्याकडे यायच्या. तुम्ही नकाशा पसरायचात आणि आत चहाला जायचात. त्या बोटाने निघायच्या. "चल गो, पान्याला जाऊ." बोट दारातून निघायचं, गल्लीला वळायचं, विहिरीवर थांबायचं. "हितं जरा बस, पाय दुकतात." आणि खरंच थांबायच्या, बोट तिथेच टेकवून, दुसऱ्याच कोणाविषयी बोलत. मग उठून वर समुद्रापर्यंत. परतताना एकमेकींच्या दारात बोट अडवून चिडवायच्या, "आमच्या वळचनीतून जाऊ नको हां."

मी कठोर होते, आहेही. मी म्हणाले, "बाई, ह्याने गाव परत येत नाही."

तुम्ही म्हणालात, "तुझ्या पत्रकाने येतं का?"



तरी मी एक प्रत काढलीच होती, तुम्हाला दाखवून, तुमच्या देखत फोटो घेऊन. "नुसती करून बघते, वाटत नाही," म्हणाले, आणि तुम्ही खांदे उडवलेत. बोईसरला डीटीपीच्या दुकानात नेली. तिथला ऑपरेटर स्क्रीनकडे मान वाकडी करून म्हणाला, "मॅडम, आपका मॅप टेढ़ा है। नॉर्थ साइड में है। सीधा कर दूँ?" मला पटलं. कोणत्याही कचेरीतला नकाशा उत्तर वर ठेवूनच असतो, आमचाच कशाला वाकडा? त्याने फिरवला. समुद्र डावीकडे गेला, गाव नीटनेटकं उभं राहिलं. अगदी सरकारी दिसू लागलं. मी खूश.

ती प्रत घेऊन आपण दोघी कॉलनीत गेलो. हिराबाईने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो कोनचा गाव?"

"तुमचाच, मावशी."

"आमचा नाय. आमचा दर्या समोर व्हता. ह्यांचा दर्या कडेला हाय." तिने तो शेजारणीला दिला. शेजारीण म्हणाली, "डहानूकडचा आसंल कोनाचा." दोघींना स्वतःचं घर सापडेना. जन्मभर पाठ डोंगराला आणि तोंड समुद्राला करून उभ्या राहिलेल्या बायका. त्यांच्या गावात वर म्हणजे पश्चिम. उत्तर हा उजवा हात. तुम्ही नुसता शेजारणीच्या हातातला कागद घेऊन पाव वळसा फिरवून पुन्हा हिराबाईच्या हातात दिलात. ती लगेच म्हणाली, "हां. आता आला."

बसमध्ये तुम्ही खिडकीतून बाहेर बघत हसत होतात. मी म्हणाले, "हसून घ्या." तुम्ही घेतलंत.

विहिरीचं भांडण तर माझ्या मते अजून चालूच आहे. नकाशावर मधल्या गल्लीत दोन विहिरी आहेत, अगदी लागून. गावात तिथे विहीर एकच होती. पण दोन घरांतल्या बायकांनी ती आपापल्या हद्दीत काढली आणि दोघीही हटेनात. तुम्ही दोन्ही ठेवल्यात. मी म्हणाले, "उद्या कोणी हा नकाशा खोटा ठरवायला हेच दाखवेल. खरी ती एक ठेवा."

"खरी कोणती?"

"विचारून ठरवा."

"पिढ्यान्पिढ्या विचारतायत. तुझ्या पत्रकासाठी ठरणार आहे?"

बाई, मला अजूनही वाटतं एकच हवी. पुरावा म्हणून उभं करायचं असेल तर स्वतःच्याच माणसांना नाराज करायची तयारी लागते. आईने मला हे शिकवलं. तुम्ही आणि आई एकाच वेळी त्या गावात होतात आणि एकमेकींशी कधी बोलला नाहीत, ह्याचं मला फार वाईट वाटायचं. आई म्हणायची, "आम्ही रस्त्यावर बसलो होतो तेव्हा कुठे होत्या तुझ्या बाई?" मी तुम्हाला विचारलं नव्हतं. एकदा तुम्हीच सांगितलंत, भेंडी चिरता चिरता. लोक सामान बांधत होते आणि जुने कागद चुलीत जात होते, तेव्हा तुम्ही सुट्टी टाकून ते वाचवायला घरोघर फिरत होतात. "तुझी आई रस्त्यावर होती, मी चुलीपुढे होते," एवढं म्हणालात आणि मीठ मागितलंत. मी ते आईला सांगितलं. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा ती म्हणाली, "भांडायला बरी होती," आणि उठून बाल्कनीत जाऊन उभी राहिली. तुम्ही तर तिच्याशी एकदाही भांडला नव्हतात. मला वाटतं, तिला भांडायचं होतं.

शेवटचं भेटलो तेव्हा मी पत्रकाचा मजकूर वाचून दाखवला. तुम्ही उशीला टेकून डोळे मिटून ऐकत होतात. मध्येच म्हणालात, "निषेध किती वेळा आला?" मी म्हणाले, "जितक्या वेळा लागला." तुम्हाला खोकला आला. मी पाणी दिलं. मग म्हणालात, "पुढच्या खेपेला सातपाटीहून बोंबील आण. इथले खारट असतात." मी आणले. वंदनाने फोनवर सांगितलं, पालघरला दवाखान्यात हलवलंय, आत्ता येऊ नकोस. पुडी अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. आई म्हणते, करून टाकू, घरभर वास सुटलाय. मला ती उघडवत नाही.

तर बाई, पाईप माझ्याकडे आला. मी टोपण काढलं, नकाशा जमिनीवर पसरला, कडेला वाट्या ठेवल्या. मजकूर तयार होता. छापखाना ओळखीचा होता. नाही म्हणणारं कोणी नव्हतं. ह्याच क्षणाची मी किती वाट पाहिली होती, आणि तो आला तेव्हा मला काहीच करता येईना. मी प्रत्येक वाक्याशी थांबत होते आणि दाराकडे बघत होते. तुमच्याशी भांडत असताना माझं म्हणणं किती पक्कं होतं! समोर तुम्ही नसताना ते एकदम पातळ झालं. तुमची आठवण मला चांगुलपणाने येत नाही, बाई. तुमची आठवण मला तुम्ही 'नाही' म्हणायचात त्या आवाजात येते. तो आवाज मला हवाय.

शेवटी मी पाईप घेऊन कॉलनीत गेले. हिराबाईच्या ओट्यावर बायका जमल्या. मी सगळं सांगितलं. मला छापायचंय, बाईंना नको होतं, बाई आता नाहीत, तुम्ही सांगा.

सगळ्या आधी नकाशावर वाकल्या. एकीला तिचा गोठा लहान वाटला. एकीने तुमच्या नावाने डोळे पुसले आणि लगेच शेजारणीला म्हणाली, "तुजी विहीर पूस आता, बाई नाय वाचवायला."

"तुजीच पूस. दोन घागरीत गाळ यायचा तुज्या विहिरीला."

"एकच व्हती ना गो? मंग तुज्याबी घागरीत गाळच यायचा!"

सगळ्या हसल्या. हिराबाईची सून सरिता कंपनीतून शिफ्ट संपवून आली, डबा हातातच. ती म्हणाली, "मला मोबाइलवर पाठवून दे. आमच्या लाइनवरच्या पोरी विचारतात, तुझं मूळ गाव कुठलं. दाखवते त्यांना." मग एक म्हातारी तक्रारीच्या सुरात म्हणाली, "छाप बापडे, पन खाली रडगानं नको लिऊ. आमी काय रडत बसलो नाय."

"लिऊ दे की, तिचा तोच धंदा हाय," दुसरी म्हणाली.

मी हिराबाईकडे बघितलं. तिचं बोट नकाशावर स्वतःच्या दारावर होतं, पण कुठे निघालं नव्हतं.

"बाई नको म्हनत व्हती?" तिने विचारलं.

"हो."

"शेवटपरयंत?"

"शेवटपर्यंत."

"मंग तां बी लिव."

"काय?"

"बाई नको म्हनत व्हती, तां लिव. तुमी दोगी येवडं भांडलात, आन् कागदावर येकटीच तू कशी?"

बाई, मी बऱ्याच सभांना गेले आहे. मला कोणी इतक्या कमी शब्दांत खाली बसवलं नव्हतं.

घरी येऊन मी माझा सगळा मजकूर काढून टाकला. तुमच्या भीतीने नाही, आणि तुमचं पटलं म्हणूनही नाही. नकाशाला त्याची गरज नव्हती, एवढंच. वर नकाशा ठेवला, दोन्ही विहिरींसकट. खाली एक ओळ लिहिली: 'हा नकाशा पत्रकावर छापू नये, असं ज्यांनी तो गावच्या बायकांकडून काढवून घेतला त्या बाईंचं म्हणणं होतं.' नाव तुमचं घातलं, माझं घातलं नाही.

पालघरच्या छापखान्यात मालकाने प्रूफ माझ्यासमोर ठेवलं आणि त्या ओळीवर पेन टेकवलं.

"ताई, ही ओळ चुकून राहिलीय का? काढतो."

"राहू द्या."

"अहो, लोक विचारतील. का नको म्हणत होत्या म्हणून."

"विचारू देत."

"मग सांगणार काय?"

काय सांगणार, ते मला तेव्हा तिथे, शाईच्या वासात उभी असताना, पहिल्यांदा नीट कळलं. आधी तुमचं म्हणणं सांगेन, बाई. भजीच्या तेलाच्या डागासकट, पाण्याला निघालेल्या बोटांसकट, काही न गाळता. जमेल तेवढं तुमच्यासारखं सांगेन. त्यानंतरही कोणी थांबलं, तर माझं.